डिजिटलपासून डावीकडं

मगदूम अण्णांसमोर 'बोर्ड' हा शब्द विचार न करता उच्चारायचा नसतो. मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून कोल्हापुरातल्या पहिल्याच दिवशी मी भर उन्हात वीस मिनिटं रस्त्यावर भटकत राहिलो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मला नोकरी लागली होती आणि कळंब्याच्या बाजूला मगदूमांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळत होता. घर बघायला निघालो, रस्ता चुकलो, फोन केला.

"कुठं हाईसा?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"इथं एका बोर्डाजवळ उभा आहे."

"कसला बोर्ड?"

"मोठा आहे. वाढदिवसाचा."

"वाढदिवसाचा बोर्ड आसतोय व्हय कुठं? पत्र्याचा हाय का कापडाचा?"

"कापडाचा. म्हणजे प्लॅस्टिकचा असावा."

"बांबूवर ताणलंय का लोखंडी सांगाडा हाय?"

"बांबूवर."

"मग ते डिजिटल. आसं सांगा की! डिजिटलपासून डावीकडं या."

फोन बंद. मी मान वर करून पाहिलं, तर त्या चौकात अकरा डिजिटलं होती. अकराही वाढदिवसाची. आमच्या नाशिककडे 'डिजिटल' हे विशेषण आहे; डिजिटल घड्याळ, डिजिटल कॅमेरा वगैरे. कोल्हापुरात ते नाम आहे, नपुंसकलिंगी आहे, आणि त्याचं अनेकवचनही होतं, हे मला त्या उन्हात कळलं. दोन डावीकडची वळणं चुकीची निघाली. तिसऱ्या वळणावर एका फाटकात पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट घातलेले, सत्तरीचे, काटकुळे गृहस्थ घड्याळ बघत उभे होते.

"पावणं, वीस मिनटं लागली," ते म्हणाले. "शब्द चुकला की रस्ता चुकतोय."

हे भूपाल मगदूम. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. मला मात्र ते त्या दिवसापासून 'पावणं' म्हणतात. आता तीन वर्षं झाली मी तिथं राहतोय, तरी पाहुणाच आहे.

अण्णांनी उभी हयात एका नगरपालिकेच्या परवाना खिडकीमागं काढली होती. कुठल्या नगरपालिकेत ते सांगत नाही. तिथले अर्जदार अजून हयात असतील. रस्त्यावर काहीही लावायचं तर अण्णांकडं अर्ज. अर्जात एक रकाना होता, 'जाहिरातीचा प्रकार'. लोक तिथं सरसकट 'बोर्ड' लिहायचे आणि अण्णा सरसकट अर्ज परत करायचे. त्या रकान्यापायी त्यांनी स्वतःची एक व्याख्यावली तयार केली होती. माझं सामान वर चढवून होईपर्यंत ती त्यांनी मला जिन्यात उभं करून पाठ म्हणून दाखवली.

"रंगवली ती पाटी. रोवला तो फलक. टांगला तो बोर्ड. बांधलं ते बॅनर. ज्याच्याखाली उभं ऱ्हायलं की टोपी पडती ते होर्डिंग. आणि आठ दिसांत फाटतंय ते डिजिटल. ध्यानात आलं?"

"आलं," मी म्हणालो. माझ्या हातात गॅसची शेगडी होती.

"मग सांगा, न्हाव्याच्या दुकानाभाईर आसती ती काय?"

"पाटी?"

"रंगवल्याली आसली तर! छापून आणल्याली आसली तर?"

शेगडी खाली ठेवल्याशिवाय यातून सुटका नाही, हे माझ्या लक्षात आलं.

त्यांच्या नोकरीतला एक किस्सा ते अभिमानानं सांगत. नगरपालिकेनंच एकदा चौकात फलक रोवला : 'येथे जाहिरात फलक लावू नयेत.' अण्णांनी जाऊन पाहिलं, मोजमाप घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच साहेबांच्या टेबलावर नोटीस ठेवली, की सदर फलक विनापरवाना आहे, सबब अर्ज करावा. साहेब म्हणाले, "अहो मगदूम, हा फलक लावू नका असं सांगणारा फलक आहे." अण्णा म्हणाले, "व्हय की. पण लावलाय न्हवं?" साहेबांनी अर्ज केला. प्रकाराच्या रकान्यात त्यांनी 'बोर्ड' लिहिलं. अण्णांनी तो परत केला.

निवृत्तीनंतर खिडकी सुटली, पण सवय सुटली नाही. आमच्या कोपऱ्यावर सागरचं छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, बारसं, श्रद्धांजली, सगळं तिथं छापलं जातं. अण्णा रोज सकाळी तिथं जाऊन बसत आणि संगणकाच्या पडद्यावर जे काही असेल ते तपासत. कुणी बोलावलेलं नसे.

"सागर, 'हार्दिक'ला दुसरी वेलांटी दिलीयास."

"ऱ्हाऊ दे की अण्णा. पोरास्नी दुसरीच आवडती. जरा मोठी दिसती."

"आणि हे 'शुभेच्छुक' न्हवं, 'शुभेच्छूक' झालंय."

"त्येंचे एकोणतीस फोटो हाईत अण्णा. शब्द कोण वाचतंय?"

"मी वाचतोय."

आणि ते खरंच वाचत. नुसते वाचत नसत, मोठ्यानं वाचत. रोज संध्याकाळी पाचला अण्णांची जुनी गिअरची स्कूटर फाटकातून निघे. पुढं अण्णा, मागं एका अंगाला पाय सोडून त्यांच्या पत्नी पद्माकाकू, एक हात अण्णांच्या खांद्यावर. स्कूटर बाराच्या वर वेग घेत नसे आणि अण्णांचा आवाज बाराच्या खाली येत नसे. स्कूटरच्या फटफटाटावर मात करून ते सगळा रस्ता वाचत जात.

"डिजिटल! 'साहेब परत येत आहेत'! कुठं गेलते ते लिवलं न्हाय! त्याच्या खाली बॅनर, 'उन्हाळी पोहणे शिबिर'! उजवीकडं होर्डिंग, सोन्याचं, बाईच्या नाकात नथ, नथ मोटारीएवढी!"

सिग्नलला थांबले की शुभेच्छुकांची नावं सुरू होत. एकदा मी मागंच मोटरसायकलवर होतो. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि अण्णा अजून बाविसाव्या शुभेच्छुकावर होते. शेजारचा रिक्षावाला ओरडला, "अण्णा, चला की! उरल्याले मित्रपरिवारात धरा!"

"धरतो," अण्णा म्हणाले. "आणि समस्त मित्रपरिवार!" मग स्कूटर हलली.

मला काकूंची दया यायची. आयुष्यभर या माणसाबरोबर संसार, आणि आता रोज संध्याकाळी हे वाचन. मी त्यांच्या जागी असतो तर रिक्षानं गेलो असतो.

एका रविवारी अण्णांनी मला खाली चहाला बोलावलं. काकूंनी चहा आणला, बशा मांडल्या, चिवड्याची वाटी माझ्यासमोर बरोबर ठेवली. ठेंगणी, हसरी बाई. मी नाशिकहून द्राक्षांची पेटी आणली होती, ती त्यांच्यापुढं धरली. त्या हसत माझ्याकडं बघत राहिल्या. हात पुढं झाला नाही. मी पेटी तशीच धरून उभा.

"पावण्यानं काय आणलंय बग," अण्णा म्हणाले. "द्राक्षं हाईत. तुझ्या उजव्या अंगाला." मग माझ्याकडं वळून तितक्याच सरळपणे म्हणाले, "तिला दिसत न्हाय. काचबिंदू. आठ वरसं झाली."

काकूंनी पेटी हातात घेऊन वास घेतला.

"गोड हाईत," त्या म्हणाल्या. "बसा की, उभं का?"

त्या सातवी शिकलेल्या. लग्न होऊन गावाकडून आल्या तेव्हापासून त्यांना रस्त्यातलं वाचायचा नाद. बाजारातून यायला उशीर झाला की अण्णा समजायचे, कुठंतरी पाटी वाचत उभी असेल. डोळे गेल्यावर पहिले सहा महिने त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. मग एक दिवस अण्णांनी त्यांना स्कूटरवर बसवलं.

"पयल्यांदा हे नुसतं म्हणायचे, बोर्ड हाय, बोर्ड हाय," काकू सांगत होत्या. "मी म्हटलं, बोर्ड म्हटल्यावर मला कायबी दिसत न्हाय बगा. तुम्ही ते हापिसातलं सांगा. पाटी म्हटलं की दिसती, दुकानाच्या कपाळावर, हातभर. होर्डिंग म्हटलं की मी मान वर करती."

"आणि डिजिटल?" मी विचारलं.

"डिजिटल म्हटलं की गर्दी दिसती," काकू म्हणाल्या. "एवढाल्ली तोंडं आणि गॉगल."

अण्णा चहात चिवडा घालून खात होते. या चर्चेशी त्यांचा संबंधच नव्हता जणू.

दुकानांच्या पाट्या काकूंना एव्हाना पाठ झाल्या होत्या. स्कूटर कुठं वळली की कुठली पाटी येणार, हे त्या आधीच सांगत. नवीन मजकूर मिळायचा तो डिजिटलांवरच. कोण भावी झालं, कोण माजी झालं, कुणाचा मुलगा फौजदार झाला, कोण गेलं. काकूंचं ते संध्याकाळचं वर्तमानपत्र होतं. त्या रविवारनंतर सिग्नलला अण्णांच्या मागं अडकलो तर मी हॉर्न वाजवला नाही.

मग निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली.

आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांचे फोटो रस्त्यावरून उतरतात, हे मी पेपरात वाचलेलं होतं. प्रत्यक्षात सकाळी कामावर जाताना शिड्या घेतलेली माणसं दिसली आणि दुपारी परत येईपर्यंत आमचा चौक ओळखू येईना. पुढाऱ्याचा फोटो नाही असं त्यात एकही नव्हतं, त्यामुळं अकराच्या अकरा डिजिटलं गायब. नुसते बांबूचे सांगाडे उभे. त्यांच्यामागं एक मोठं गुलमोहराचं झाड होतं, ते मला जवळजवळ तीन वर्षांत पहिल्यांदा दिसलं. मला फार बरं वाटलं.

अण्णा चौकात उभे होते. मी गाडी थांबवली.

"छान मोकळं झालं नाही अण्णा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "दीड म्हयना," ते म्हणाले. "निकाल लागंस्तोवर. दीड म्हयना मी तिला काय वाचून दाखवू?"

"सांगा ना त्यांना, काढलीत म्हणून."

"आणि मग? ती म्हणंल, मग कशाला भाईर जायचं? बसू या घरात." त्यांनी एका रिकाम्या बांबूला हात लावला. "पयले सहा म्हयने ती घरात बसल्याली. तुम्ही न्हाईसा बघितलेलं ते."

त्या संध्याकाळी स्कूटर निघाली नाही. "पंक्चर हाय," असं अण्णांनी काकूंना सांगितलेलं मी जिन्यातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी प्लग खराब झाला. तिसऱ्या दिवशी केबल तुटली. चौथ्या दिवशी अण्णांचा गुडघा दुखायला लागला. ज्या माणसानं आयुष्यात खोट्या रकान्याचा अर्ज घेतला नाही, तो रोज सकाळी उठून एक नवा बिघाड शोधत होता. त्यात तो इतका कच्चा होता, की पाचव्या दिवशी पुन्हा पंक्चरवर आला.

पण शनिवारी काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. दर महिन्याला डोळ्यातला दाब तपासायचा असतो. दिसत नसलं तरी तो तपासावा लागतो. मी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. अण्णा वर आले.

"पावणं, मोटार न्याल काय राजारामपुरीला?"

अण्णा पुढं बसले, काकू मागं. काकूंनी हातानं चाचपून काच खाली घेतली. मी गाडी रस्त्यावर आणली.

"अवं," काकू म्हणाल्या, "वाचा की."

मी अण्णांकडं पाहिलं. ते समोर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामे बांबू होते. त्यांनी घसा साफ केला.

"डिजिटल," ते म्हणाले. "वाढदिवसाचं."

"कुणाचा?"

अण्णा अडकले. आयुष्यात या माणसानं स्वतःच्या मनचं काही लिहिलेलं नव्हतं. सबब आणि सदरहू यांच्यापुढं त्यांची मजल गेली नव्हती. "पाटलाचा," ते शेवटी म्हणाले.

"कुठल्या पाटलाचा?"

"अं... तरुण तडफदार."

"मग झालंच," काकू म्हणाल्या. "फुडं?"

पुढच्या सांगाड्यावर अण्णांनी एक व्यायामशाळा उघडली. ती बरी जमली. त्याच्या पुढच्यावर कुणाचातरी मुलगा परदेशी शिकायला पाठवला. "'परदेशी'ला पयली वेलांटी दिलीया मेल्यानं!" ते अचानक कडाडले. हवेतल्या मजकुरातली वेलांटी चुकली म्हणून त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. मी ओठ चावून गाडी चालवत होतो. काकू मागं खुदखुदायला लागल्या, आणि त्यांचं हसू ऐकून अण्णांना चेव आला.

"होर्डिंग!" ते खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले. तिथं एक विजेचा खांब होता. "मान वर कर! म्हशीचं हाय!"

"म्हशीचं?"

"'सुंदर म्हैस स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावल्याबद्दल आमची लाडकी चंद्री हिचं हार्दिक अभिनंदन.' शिंगास्नी रंग दिलाय. गळ्यात घुंगुरमाळ. कपाळाला पांढरा ठिपका हाय. डोळं कसं, शांत."

काकूंनी मान वर केली होती. आरशात मला दिसलं. त्यांचं हसू थांबलं होतं.

"बगतीया का आपल्याकडं?" त्यांनी विचारलं.

"बगतीया की," अण्णा म्हणाले.

दवाखान्यासमोर गाडी लावली. अण्णा नंबर लावायला आत गेले. काकू म्हणाल्या, "पावणं, डिजिटलं काढलीत न्हवं सगळी?"

मी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"आचारसंहिता लागली की काढत्यातच. मला दिसत न्हाय, पण बातम्या ऐकू येत्यात की."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"व्हय. पंक्चर झालं म्हटलं तवाच. ह्यांच्या गाडीला कवा पंक्चर झाल्यालं मला आठवत न्हाय. बाराच्या वर न्हेत न्हाईत, पंक्चर कसलं हुतंय?"

"मग अण्णांना सांगितलं का नाही?"

काकूंनी पदर सारखा केला. "आठ वरसं हे जे दिसतंय ते वाचत्यात. त्येच्या आदी हापिसात लोकांनी लिवल्यालं वाचायचे. लग्नाला चव्वेचाळीस वरसं झाली. आज पयल्यांदा ह्या माणसानं सोताच्या मनातलं कायतरी बोललं. म्हटलं, बोलू देत की."

रस्त्यावरून एक एसटी गेली. तिचा आवाज संपेपर्यंत त्या थांबल्या.

"चंद्री आमची म्हस. मी नवी नवरी म्हणून आले तवा सासरी दारात बांधल्याली. मला कोण वळखीचं नव्हतं, मी तिच्याजवळ जाऊन बसायची, तिच्यासंगं बोलायची. हे तवा सायकलवरनं हापिसाला जायचे. कवा वळून बगितलं न्हाय, कवा इचारलं न्हाय. मी समजायची, ह्यांनी कवा बगितलंच न्हाय." काकूंनी मान हलवली. "तिच्या कपाळाचा ठिपका ध्यानात हाय की ह्यांच्या."

अण्णा दारातून हाक मारत आले, "चला, तिसरा नंबर हाय!" डोळ्यांचा दाब ठीक निघाला. परत येताना अण्णांनी आणखी तीन होर्डिंगं आणि एक कुस्तीचं मैदान वाचलं. काकूंनी प्रत्येकाबद्दल नीट चौकशी केली.

त्यानंतर स्कूटर पुन्हा रोज निघू लागली. दीड महिना अण्णांनी रिकामे बांबू वाचले. गल्लीतले लोक आधी हसले, मग सरावले. सागरनं तर एकदा त्यांना थांबवून विचारलं, की ते म्हशीचं होर्डिंग नक्की कुठल्या चौकात लागलंय, आणि छापलं कुणी. अण्णांनी त्याला हातानं गप्प केलं.

निकाल लागला. जिंकलेल्यांची डिजिटलं लागली, मग हरलेल्यांनी मतदारांचे आभार मानणारी लावली, आणि आठवड्यात गुलमोहर परत झाकला गेला. अण्णांना आता वाचायला मजकूरच मजकूर होता. वाचनाचा आवाज पूर्वीसारखा चढला. सगळं होतं तसं झालं, असं मला वाटलं.

काल संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो. स्कूटर आली, बंद झाली. काकू उतरल्या नाहीत. आमच्या फाटकाशेजारी एक साधी भिंत आहे. तिच्यावर काही नाही. नावाचीसुद्धा पाटी नाही, कारण अक्षर कुणाकडून रंगवून घ्यावं याबद्दल अण्णांचा अजून निर्णय झालेला नाही.

"हितं काय लिवलंय?" काकूंनी विचारलं.

अण्णांनी भिंतीकडं बघितलं. मी तिथं आहे हे त्यांना दिसलं होतं, तरी ते थांबले नाहीत. आवाज मात्र खाली आला. इतक्या खालच्या आवाजात अण्णांना मी कधी ऐकलं नव्हतं.

"पाटी हाय," ते म्हणाले. "ल्हान. 'पायरी हाय, हळू उतर.'"

"आणि?"

"आणि... 'दमलीस काय?'"

काकूंनी त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन एक पाय खाली टेकवला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "खाली तसं लिवा."